जुनी भट्टी आणि शेजाऱ्याचा श्वास

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून देऊन नवी आणावी, हा प्रश्न संसारात रोज कोठे ना कोठे उभा राहतो. छत्रीची काडी मोडते, मिक्सर जळतो, मोटरसायकलचे इंजिन कुरकुरू लागते, घराचे छप्पर गळते. बहुधा हा प्रश्न खर्चाचा म्हणून विचारला जातो आणि खर्चाचा म्हणूनच मिटवला जातो. आपल्या वडीलधाऱ्यांची पिढी ‘जुने ते सोने’ म्हणत दुरुस्तीच्या बाजूने कौल देई. आजची पिढी ‘दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घातली की नवीच येते’ असे म्हणून दुकानाची वाट धरते. दोघीही आपापल्या कौलाला सद्गुणाचे नाव देतात. एक त्याला काटकसर म्हणते, दुसरी व्यवहारज्ञान. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांच्याविषयीचा निर्णय हिशेबाच्या वहीत मावत नाही. घर उबदार ठेवणारी भट्टी ही त्यांपैकी एक होय.

आपल्या किनारपट्टीवर घर तापवण्याची गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे एखादी गोधडी जास्त लागते, इतकेच. पण आपल्या समाजातील अनेक मुले-मुली कॅनडात जाऊन स्थायिक झाली आहेत, आणि टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन ही नावे आता घरच्या गावांइतक्या सहजतेने आपल्या तोंडी येतात. ती ज्या ओंटारियो प्रांतात राहतात तेथे हिवाळ्याच्या रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतो. अशा रात्री भट्टी बंद पडली तर काही तासांत घर गारठते आणि भिंतींतील नळांमधले पाणी गोठून नळ फुटण्याची भीती उभी राहते. भाड्याने दिलेल्या घरात थंडीच्या महिन्यांत किमान २० अंश तापमान राखणे हे त्या प्रांतात घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. या भट्टीला तेथे ‘फर्नेस’ म्हणतात. ती पावसाळ्यातल्या छपरासारखी नेमकी गरजेच्या वेळी दगा देते, आणि निर्णय पुढे ढकलायला सवड ठेवत नाही. म्हणूनच ‘दुरुस्ती की बदल’ या प्रश्नातील नैतिक गाभा तिच्या निमित्ताने स्पष्ट दिसतो.

ज्यांच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, त्यांना फर्नेसची रचना समजायला वेळ लागणार नाही. बंबाच्या पोटातून एक नळी जाते. नळीत विस्तव, नळीभोवती पाणी. विस्तव आणि पाणी यांची कधी गाठ पडत नाही. मधला पत्रा तेवढा एकाची ऊब दुसऱ्याला पोहोचवतो आणि धूर वरच्या तोंडातून निघून जातो. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी घरातील हवा असते. तळघरात पत्र्याची एक उंच पेटी उभी असते. तिच्या आत नैसर्गिक वायूच्या ज्योती धातूच्या पोकळ कोठ्यांत जळतात. एक मोठा पंखा घरातील हवा त्या कोठ्यांच्या बाहेरून फिरवतो आणि तापलेली हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. कोठ्यांच्या आतला जळका वायू धुराड्यावाटे घराबाहेर जातो. या कोठ्यांना तंत्रज्ञ ‘हीट एक्स्चेंजर’ म्हणतात. आपण त्यांना ‘मधली भिंत’ म्हणू. तिच्या एका बाजूला अग्नी असतो आणि दुसऱ्या बाजूला माणसांचा श्वास.

बंब आणि फर्नेस यांत एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. बंबाची नळी गळू लागली तर पाणी विस्तवावर पडते, चर्र असा आवाज होतो, राख भिजते. बंब आपले दुखणे स्वतःच सांगतो. फर्नेसची मधली भिंत तडकली तर बहुधा काहीच ऐकू येत नाही. ज्वलन अपुरे होत असेल तर जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते, थंडीताप असेल, आणि तो अंथरुणावर जाऊन पडतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीप्रमाणे त्या देशात आगीच्या दुर्घटना वगळूनही दर वर्षी ४०० हून अधिक माणसे या वायूने अपघाताने मृत्युमुखी पडतात. ओंटारियोतील वुडस्टॉक शहरात २००८ साली एकाच घरातील आई, वडील आणि दोन मुले अशीच गेली. त्या घरातील वायूच्या शेकोटीचा धूरमार्ग तुंबला होता. त्या दुःखातून २०१३ मध्ये प्रांताने कायदा केला आणि घराघरांत या वायूची सूचना देणारा गजर बसवणे बंधनकारक झाले.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना आमचे प्राध्यापक तत्त्वे सांगून थांबत नसत. ते एखादा ‘प्रसंग’ मांडत आणि विद्यार्थ्यांनी त्याचा निवाडा करावा अशी अपेक्षा ठेवत. त्याच रीतीने येथे एक प्रसंग मांडतो. तो कोणा एका घरचा नाही; विचारासाठी रचलेला आहे. पण परदेशस्थ नातेवाईक ज्यांना आहेत, त्यांना तो अनोळखी वाटणार नाही.

ब्रॅम्प्टनमधील एक पती-पत्नी. दोघेही साठीला टेकलेले. घराचे कर्ज अजून फिटायचे आहे. त्याला हातभार म्हणून तळघरातील दोन खोल्या त्यांनी भारतातून शिकायला आलेल्या दोन मुलांना भाड्याने दिल्या आहेत. त्या खोल्यांना लागूनच, एका पातळ दाराआड, फर्नेस उभी आहे. तिचे वय २२ वर्षे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती बंद पडते. तंत्रज्ञ येतो, वायू पेटवणारा इग्नायटर बदलतो, ३०० डॉलर घेतो; भट्टी पुन्हा धडधडू लागते. जाता जाता तो म्हणतो, “मधल्या भिंतीला तडा गेला असावा असे वाटते. सगळे उघडून पाहावे लागेल. पण इतक्या जुन्या यंत्रात पैसे घालण्यापेक्षा नवीच घ्या, ६,००० डॉलरमध्ये बसवून देतो.” तो गेल्यावर पती म्हणतो, “बावीस वर्षे चालली, आणखी एक हिवाळा सहज चालेल. याला नवी विकायची आहे, म्हणून भीती घालतो.” पत्नी म्हणते, “एकदाची नवी आणू या. गॅसचे बिल तरी कमी येईल.” दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांच्याही बोलण्यात अर्थ आहे. पण खाली झोपलेल्या त्या दोन मुलांचे नाव दोघांच्याही बोलण्यात नाही.

या प्रसंगाचा निवाडा कसा करावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्गुणाचे आठ घटक सांगितले आहेत: स्मृती, आकलन, शिकण्याची तयारी, तत्परबुद्धी, तर्क, दूरदृष्टी, परिस्थितीचे भान आणि सावधगिरी. ही यादी तेराव्या शतकातील असली तरी घरगुती निर्णयालाही ती किती उपयोगी पडते, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या प्रसंगातील पतीपाशी स्मृती आहे. यंत्राने २२ वर्षे सेवा केली हे तो विसरलेला नाही. पत्नीपाशी दूरदृष्टी आहे. ती येणाऱ्या वर्षांचा विचार करते. पण सुज्ञतेचा एखादाच घटक सुटा घेतला तर तो वाट चुकवतो. नुसती स्मृती हटवादी होते आणि नुसती दूरदृष्टी उधळी.

प्रथम आकलनाकडे वळू. नेमके काय मोडले आहे? ‘फर्नेस जुनी झाली’ हे उत्तर नव्हे. इग्नायटर, ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी कांडी, पंख्याची मोटर, धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा, हे सर्व भाग झिजतात आणि बदलता येतात. त्यातला कोणताही भाग बिघडला तर आधुनिक फर्नेस साधारणपणे स्वतःहून बंद पडते. गैरसोय होते, थंडी वाजते, पण बिघाड लपून राहत नाही. मधल्या भिंतीची गोष्ट वेगळी. तिच्यातील तडा झाळून किंवा लेप लावून बुजवणे हे सुरक्षित मानले जात नाही. ती भिंतच बदलावी लागते, आणि त्यासाठी जवळजवळ सारे यंत्र उकलावे लागते. बऱ्याच कंपन्या या भागावर दीर्घ मुदतीची हमी देतात. त्यात नवा भाग मिळतो, मजुरी मात्र बहुधा आपल्यावरच पडते. म्हणून जुने कागद शोधून ती हमी अजून जिवंत आहे काय हे पाहणे, हेही आकलनाचेच काम आहे.

ग्रीक इतिहासकार प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाची कथा नोंदवली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवले; कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवत गेले. मग तत्त्वज्ञांत वाद माजला की हे तेच जहाज की दुसरे? वाद मनोरंजक आहे, पण घरमालकाला त्याची फारशी गरज नाही. अ‍ॅरिस्टॉटलची एक शिकवण त्याला अधिक उपयोगी पडेल. वस्तू म्हणजे काय हे तिच्या कार्यावरून ओळखावे, असे तो म्हणतो. जो डोळा पाहत नाही तो नावापुरताच डोळा. फर्नेसचे कार्य केवळ ऊब देणे हे नाही. उघड्या विस्तवानेही ऊब मिळते. अग्नीला श्वासापासून वेगळे ठेवून ऊब देणे हे तिचे कार्य आहे. इग्नायटर नसलेली फर्नेस ही आजारी फर्नेस. मधली भिंत तडकलेली फर्नेस ही, पंखा फिरत असला आणि खोल्या उबदार असल्या तरी, फर्नेस या नावाला पात्र नाही. तेव्हा ‘अजून चालते आहे’ हे पतीचे म्हणणे तडा खरा असेल तर मुळातच खोटे ठरते. पंखा चालतो आहे, फर्नेस चालत नाही.

आता हिशेब पाहू. हिशेबाला कमी लेखण्याचे कारण नाही; कष्टाचा पैसा जपून वापरणे हेही कर्तव्य आहे. अशा भट्टीचे आयुष्य साधारण १५ ते २० वर्षे धरतात. विसाव्या शतकातील जुन्या भट्ट्या जळलेल्या वायूतील ६० ते ७० टक्के उष्णताच घराला देत. नंतरच्या अनेकांनी ८० टक्क्यांची पातळी गाठली. आजच्या चांगल्या भट्ट्या ९५ टक्के किंवा अधिक देतात, कारण त्या धुरातील वाफही थंड करून तिची उष्णता काढून घेतात. कॅनडाने नव्या वायू-भट्ट्यांसाठी २००९ च्या अखेरीस किमान ९० टक्क्यांची आणि २०१९ मध्ये ९५ टक्क्यांची अट घातली. आपल्या प्रसंगातील भट्टी ८० टक्क्यांची आहे असे धरू. तीच ऊब मिळवायला जेथे १०० भाग वायू लागत होता, तेथे नव्या भट्टीला सुमारे ८४ भाग लागेल. उबेसाठी वर्षाला १,००० डॉलरचा वायू जळत असेल तर बचत १६० डॉलरची; ६,००० डॉलर भरून निघायला साडेसदतीस वर्षे. तेवढे आयुष्य नव्या भट्टीलाही नाही. म्हणजे केवळ बिल कमी करण्यासाठी धडधाकट भट्टी काढून टाकावी, हे पत्नीचे म्हणणे गणितात टिकत नाही. भट्टी ६० टक्क्यांची असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा १०० भागांच्या जागी ६३ भागांत काम झाले असते आणि तिच्या म्हणण्याला वजन आले असते.

त्या व्यवसायात आणखी एक ठोकताळा प्रचलित आहे. यंत्राचे वय आणि दुरुस्तीचा खर्च यांचा गुणाकार करावा. तो ५,००० डॉलरच्या वर गेला तर यंत्र बदलावे. आपल्या प्रसंगात २२ गुणिले ३००, म्हणजे ६,६००. ठोकताळा सांगतो, बदला. पण ३०० डॉलरच्या इग्नायटरसाठी ६,००० डॉलरचे यंत्र टाकून देणे हे शहाणपण कसे? उलट, सहा वर्षांच्या भट्टीची मधली भिंत तडकली आणि हमीमुळे मजुरीचे ८०० डॉलरच लागणार असतील, तर गुणाकार ४,८०० येतो. ठोकताळा म्हणतो, दुरुस्त करा. पण ती दुरुस्ती आजच करावी की उन्हाळ्यापर्यंत थांबले तरी चालेल, आणि तोवर भट्टी चालू ठेवावी की नाही, याविषयी तो अवाक्षर काढत नाही. काय मोडले आहे आणि मोडल्याने कोणाचे काय होणार आहे, हे ठोकताळ्याला माहीतच नसते. अंकांना वय कळते, किंमत कळते. तळघरात कोण झोपले आहे हे कळत नाही.

काही जण हा प्रश्न पृथ्वीच्या चिंतेतून सोडवू पाहतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ‘वापरा आणि फेकून द्या’ या संस्कृतीवर टीका केली. तिचा आधार दुरुस्तीवाल्याला मिळतो. त्याच परिपत्रकात कोळसा, तेल आणि काहीशा कमी प्रमाणात वायू, या इंधनांची जागा क्रमाक्रमाने पण विनाविलंब दुसऱ्या साधनांनी घ्यावी असेही म्हटले आहे. तिचा आधार बदलवाल्याला मिळतो. बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता खेचून आत आणणारे विजेचे हीट पंप आज तिकडे उपलब्ध आहेत; जुनी भट्टी जाणारच असेल तर त्यांचा विचार अवश्य करावा. पण हा विचार सवडीने करायचा आहे. तडा मात्र आजच्या रात्रीचा आहे. उद्याच्या पृथ्वीची चिंता खरी असली, तरी तिच्या आड आजच्या शेजाऱ्याची चिंता झाकली जाऊ नये.

यानंतर येतो विश्वासाचा प्रश्न. जो रोगनिदान करतो तोच औषध विकतो, ही अडचण खरी आहे, आणि पतीचा संशय निराधार नाही. ओंटारियोत दारोदार जाऊन भट्ट्या आणि गरम पाण्याच्या टाक्या विकणाऱ्यांनी अनेकांना, विशेषतः वृद्धांना, महागड्या करारांत गुंतवले. म्हणून १ मार्च २०१८ पासून प्रांताने अशी अनाहूत दारविक्री बंद केली, आणि अशा करारांपोटी लोकांच्या घरांवर बोजे चढवण्याची वाट २०२४ मध्ये कायद्याने बंद केली. तेव्हा सावधगिरी हवीच. पण सावधगिरी म्हणजे कान बंद करणे नव्हे. अक्वायनसांच्या यादीत सावधगिरीबरोबर शिकण्याची तयारीही आहे. ज्याला कळते त्याचे ऐकण्याची नम्रता. या दोन्ही एकत्र नांदवण्याची वाट सोपी आहे. तडा दाखवा, असे सांगावे. आरसा किंवा छोटा कॅमेरा आत घालून तो दाखवता येतो. धुरात आणि खोलीतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड किती, हे मोजून आकडा लिहून घ्यावा. नवी भट्टी विकण्यात ज्याचा लाभ नाही अशा दुसऱ्या परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवावे. मात्र दुसरे मत सत्य कळावे म्हणून घ्यायचे असते. हवे ते उत्तर मिळेपर्यंत तिसरे, चौथे मत विचारत राहणे ही चौकशी नव्हे, पळवाट आहे.

त्या प्रांतात तंत्रज्ञाच्या हातीही एक मोठा अधिकार दिलेला आहे. वायूच्या यंत्रात तात्काळ धोका दिसला तर त्याने त्यावर लाल चिठ्ठी लावून वायू तेथल्या तेथे बंद करायचा. धोका तात्काळ नसेल तर दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी लावून दुरुस्तीसाठी ४५ दिवसांपर्यंत मुदत देता येते. कायद्याने ही जी दोन प्रकारची चिठ्ठी केली आहे, तिच्यात मोठा नैतिक भेद सामावलेला आहे. काही दोष वाट पाहू शकतात, काही पाहू शकत नाहीत. पण आपल्या प्रसंगात अजून चिठ्ठी लागलेली नाही. तेथे आहे तो केवळ संशय, आणि प्रश्नाचा खरा पेच याच संशयात आहे.

न्यायाने बोलायचे तर मधल्या भिंतीला तडा गेला म्हणजे त्याच क्षणी विषारी वायू घरभर पसरला, असे मुळीच नाही. ज्योत नीट जळत असेल तर धुरात तो वायू फारसा नसतोही. कित्येक तडकलेल्या भट्ट्या कोणालाही इजा न करता हिवाळे काढून जात असतील. तेव्हा पती म्हणू शकतो, “कदाचित तडा नसेलच; असला तरी कदाचित काही होणार नाही.” दोन ‘कदाचित’ एकावर एक रचून तो झोपायला जाऊ शकतो. त्याला अडवणारे काय आहे?

संशयाच्या स्थितीत माणसाने कसे वागावे, यावर सतराव्या आणि अठराव्या शतकांत नीतिपंडितांनी मोठे वाद घातले. जरासे संभाव्य मत धरून चालले तर चालेल काय, की नेहमी अधिक सुरक्षित मार्गच धरला पाहिजे? संत आल्फोन्स लिगोरी यांनी आपले आयुष्य या वादात मधला, मानवी मार्ग शोधण्यात वेचले. सदासर्वदा सर्वात सुरक्षित मार्गाचीच सक्ती केली तर सदसद्विवेकबुद्धी भेदरून जाईल, हे त्या पंडितांना कळत होते. पण एका बाबतीत सैल आणि कडक अशा सर्व पक्षांचे मतैक्य होते. शिकाऱ्याला झुडपाआड हालचाल दिसते. ते जनावर आहे की माणूस, याची खात्री नाही. जनावर असण्याचा संभव कितीही मोठा असो, त्याने बाण सोडता कामा नये. नियमाविषयी शंका असेल तर माणसाला मोकळीक आहे. दुसऱ्याच्या जिवाविषयी शंका असेल तर ती नाही. तेथे सुरक्षित मार्ग हाच एकमेव मार्ग.

तळघराच्या दाराआडची फर्नेस हे असे झुडूप आहे. पतीला स्वतःच्या जिवाचा धोका पत्करण्याचाही अमर्याद अधिकार नाही. पण निदान तो धोका त्याला ठाऊक तरी आहे. खालच्या मुलांना तो ठाऊक नाही. त्यांना कोणी विचारले नाही. ती परक्या देशात आहेत, खोली गमावण्याच्या भीतीने डोकेदुखीची तक्रारही करणार नाहीत. हवेच्या बोगद्यांतून सर्व घर एकच श्वास घेते, पण निर्णय फक्त वरच्या मजल्यावर होतो. येथे काटकसर हा सद्गुण उरत नाही. मी माझ्या सुखाला कात्री लावून पैसे वाचवतो तेव्हा ती काटकसर असते. दुसऱ्याच्या सुरक्षिततेला कात्री लावून वाचवतो तेव्हा तो अन्याय असतो, मग वाचलेली रक्कम कितीही छोटी असो.

तेव्हा निवाडा असा. इग्नायटर बदलला ते योग्यच झाले. भट्टी केवळ म्हातारी झाली म्हणून टाकण्याचे कारण नव्हते. मात्र तड्याचा संशय व्यक्त झाला त्या क्षणापासून भट्टी बंद ठेवून तपासणी करून घेणे, हे कर्तव्य झाले. त्याच रात्री खाली जाऊन मुलांना सर्व सांगावे, त्यांच्या खोलीबाहेरचा गजर चालतो की नाही हे पाहावे, विजेचे हीटर आणावेत. तेवढ्यावर भागत नसेल तर एक-दोन रात्री सर्वांनी आप्तांकडे काढाव्यात. तपासणीत भिंत शाबूत निघाली तर भट्टी निर्धास्त चालवावी आणि नवीचा विचार उन्हाळ्यात, भाव विचारून, शांतपणे करावा. तडा निघाला तर २२ वर्षांच्या यंत्राला नवी भिंत बसवण्यात अर्थ नाही. ते कृतज्ञतेने निरोप देऊन बदलावे. आणि त्या खर्चापोटी मुलांवर जादा भार टाकू नये. श्वास घेता येईल अशी हवा ही भाड्यात आलेलीच असते. ती वेगळी विकण्याची वस्तू नव्हे.

एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. पैसेच नसतील तर? कर्जाचा हप्ता, औषधपाणी, गावाकडे पाठवायची रक्कम, यांतून ६,००० डॉलर येणार कोठून? अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नाही, हा नीतिशास्त्राचा जुना नियम आहे. परंतु नवी भट्टी घेणे अशक्य असेल म्हणून जुनी चालू ठेवणे निर्दोष ठरत नाही. बंद करणे शक्य आहे, सांगणे शक्य आहे, मदत मागणे शक्य आहे. आपल्या माणसांना यातील शेवटचेच सर्वात कठीण जाते. परदेशात गेलेला माणूस अडचणीत आहे हे गावात कळू नये, म्हणून तो गप्प राहतो. फोनवर सर्व ठीक असल्याचे सांगतो. येथे आपल्या मंडळांची आणि आप्तेष्टांची जबाबदारी सुरू होते. सणाच्या मेजवानीला शंभर माणसे जमवणाऱ्या समाजाला जानेवारीतल्या एका रात्री दोन मुलांना अंथरूण देता येत नसेल आणि एका कुटुंबाला बिनव्याजी हातउसने देता येत नसेल, तर एकीच्या गप्पांना काय अर्थ?

आणि वाचकहो, हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आपल्यालाही नाही. आपल्या कित्येक न्हाणीघरांत वायूवर चालणारे गिझर आहेत. ज्वाला तीच, वायू तोच, आणि खिडकी लहान किंवा थंडीमुळे बंद. अशा न्हाणीघरांत माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार आलेल्या आहेत. तेथे गिझर बदलणे किंवा तो न्हाणीघराबाहेर बसवणे ही चैन नव्हे. घरी आलेला पाहुणा, कामाला येणारी बाई, भाड्याने राहणारे नवे जोडपे, यांच्यापैकी कोणीही दार लावून घेण्यापूर्वी गिझरची चौकशी करत नाही. ती चौकशी त्यांच्या वतीने आपण करायची असते.

जुन्या वस्तूंवर माया असावी. ज्याने बावीस हिवाळे ऊब दिली त्याला सहज भंगारात न टाकणारे मन हे चांगले मन आहे. त्या मायेने दिलेला कौल ऐकावा, हिशेबाने दिलेला कौलही ऐकावा. पण कौल लावण्यापूर्वी घरात किती माणसे श्वास घेतात, ती मोजावीत. ही मोजणी झाली की दुरुस्ती की बदल, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते. आणि ज्या वेळी मिळत नाही, त्या वेळी निदान भट्टी बंद करून उत्तर शोधता येते.